माशांवरचे पांढरे ठिपके, उवा आणि अँकर वर्म: घरच्या टँकमध्ये उपचार कसे करायचे

डिसेंबर होता, पुण्यात चांगलीच थंडी पडलेली, आणि आमच्या दोन फुटी टँकमधल्या मोलींच्या शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसायला लागले. दुकानातून निळं औषध आणलं, सांगितले तेवढे थेंब रोज टाकले, तिसऱ्या दिवशी ठिपके गायब. आई म्हणाली बरे झाले बघ मासे, आणि मीही औषध बंद केलं. सहाव्या दिवशी सकाळी लाइट लावला तर एकूण एक मासा पांढरा, कल्ले भराभर हलतायत, सगळे फिल्टरच्या धारेखाली जमलेले. चार दिवसांत नऊपैकी सात मासे गेले. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, ठिपके जातात कारण परजीवी पोट भरून माशावरून खाली उतरलेला असतो आणि ग्रॅव्हलमध्ये बसून एकाचे शेकडो होत असतो. हे एवढं जरी माहीत असतं तरी ते सात मासे वाचले असते, म्हणून सगळं नीट सविस्तर लिहितेय.

औषधाच्या बाटलीला हात लावायच्या आधी पाणी तपासा. मासा दगडाला अंग घासतोय, पंख मिटून बसलाय, जोरात श्वास घेतोय म्हटलं की आपण लगेच परजीवी धरतो, पण अमोनिया वाढला असेल किंवा क्लोरीनचं पाणी तसंच गेलं असेल तरी मासा अगदी हेच करतो. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट घरात असलंच पाहिजे. दोन्ही शून्य यायला हवेत, नसतील तर २५-३० टक्के पाणी बदला, नळाचं असेल तर हायपो, म्हणजे क्लोरीन घालवणारे खडे, टाकून, आणि एक दिवस बघा. निम्म्या वेळा मासा तेवढ्यानेच ताळ्यावर येतो.

पाणी चांगलं आहे आणि तरी मासा घासतोय, मग रात्री खोलीतला आणि टँकचा लाइट बंद करून मोबाइलच्या टॉर्चने माशावर तिरका उजेड टाका. समोरून नाही, बाजूने किंवा वरून. साखरेच्या किंवा मिठाच्या कणाएवढे सुटेसुटे मोजता येणारे पांढरे ठिपके असतील तर तो इक, म्हणजे आपण ज्याला व्हाइट स्पॉट म्हणतो तो. ठिपके मोजताच येत नाहीत, अंगावर पिवळसर सोनेरी पावडर उडवल्यासारखं दिसतंय, तर तो व्हेल्व्हेट. खवल्यातून एखाद्या सेंटीमीटरचा पांढरट हिरवट दोरा बाहेर लोंबतोय आणि दोऱ्याच्या टोकाला दोन फाटे आहेत, तो अँकर वर्म. चपटी पारदर्शक टिकलीसारखी गोष्ट, आणि ती चक्क सरकतेय, ती माशाची ऊ, अर्ग्युलस. आणि काहीच दिसत नाही पण अंगावर दुधट चिकट थर आलाय, मासा एकच कल्ला हलवतोय, दुसरा दाबून धरलाय, तर फ्लूक, म्हणजे अगदी बारीक चपटे कृमी, असायची शक्यता जास्त.

एक फसवी गोष्ट आहे ती आत्ताच सांगते. नर गोल्डफिशला जुगायच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या पंखांच्या पहिल्या काडीवर बारीक पांढरे दाणे येतात. ते एका ओळीत असतात, दोन्ही बाजूंना सारखे असतात आणि मासा मस्त खातपीत असतो. तो आजार नाही, नर वयात आलाय एवढंच. त्यावर औषध ओतून चांगल्या माशाचे हाल करू नका.

आता मोजमाप, कारण सगळ्यात जास्त मासे इथे मरतात. दुकानात विचारलं की उत्तर मिळतं टाका एक झाकण. पण टँक किती लिटरचा? २ बाय १ बाय १ फुटाचा टँक काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर होतो, वरची दोन इंच आपण रिकामी ठेवतो, खाली ग्रॅव्हल आणि दगड असतात, म्हणजे पाणी उरलं ४२-४३ लिटर. ५६ धरून औषध टाकलं तर सरळ तीस टक्के जास्त गेलं, आणि परजीवीच्या औषधांमध्ये उपचार आणि विष यातलं अंतर फार कमी असतं. सेंटीमीटरमध्ये मोजायचं असेल तर पाण्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले १०००, लिटर मिळतात, त्यातून दगड-ग्रॅव्हलचे थोडे वजा करा. त्याहून पक्कं म्हणजे पुढच्या वेळी टँक धुवून भराल तेव्हा बादल्या मोजा आणि आकडा टँकच्या मागे मार्करने लिहून ठेवा. आणि ते दोनतीनशे रुपयांना मिळणारं छोटं डिजिटल वजनकाटं घ्या, चमच्याच्या अंदाजावर मीठ चालतं एक वेळ, पण पावडरची औषधं अजिबात नाही.

आता इक, कारण शंभरात बहुतेकांना भेटणार हाच. हा एकपेशीय जीव आहे, इक्थिऑप्थिरियस मल्टिफिलिस हे त्याचं पूर्ण नाव, आणि तो माशाच्या अंगावर नाही, कातडीच्या वरच्या थराच्या आत बसलेला असतो. दिसणारा ठिपका म्हणजे तो आणि त्याच्यावर चढलेलं माशाचंच कातडं. त्यामुळे तो तिथे असेपर्यंत पाण्यातलं कुठलंही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो कातडी फोडून बाहेर पडतो, खाली ग्रॅव्हलवर, झाडावर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर चिकटतो, भोवती जेलीचं कवच करतो आणि आत फुटत फुटत शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्लं तयार होतात. तिथेही औषध चालत नाही. ती पिल्लं बाहेर पडून मासा शोधत पोहायला लागतात, त्यांना एकदोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि फक्त ह्या पोहणाऱ्या पिल्लांना आपण मारू शकतो. म्हणून औषध रोज पाण्यात तयार असलं पाहिजे, कारण आज कुठला फुटेल उद्या कुठला फुटेल सांगता येत नाही.

हे चक्र किती दिवसांचं हे पाण्याच्या गरमीवर ठरतं. २५ डिग्रीला चारपाच दिवसांत फिरतं, त्याहून गरम पाण्यात आणखी लवकर, आणि १०-१२ डिग्रीच्या पाण्यात महिना घेतं. म्हणून आपण पाणी गरम करतो. गरमीने तो मरतो असा लोकांचा समज आहे पण गरमीचं मुख्य काम त्याला माशावरून लवकर खाली उतरवणं आणि पिल्लं लवकर बाहेर काढणं हे आहे. ३० डिग्रीला बऱ्याच वेळा त्याची वाढही अडते, पण काही जाती ३० लाही टिकून राहतात, म्हणून नुसत्या हीटरवर विसंबून राहू नका.

मी आता असं करते. पहिल्या दिवशी ग्रॅव्हल सायफनने खोलवर साफ करायची आणि २५-३० टक्के पाणी बदलायचं. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो काढायचा, नाहीतर औषध तोच खाऊन टाकतो, यूव्ही दिवा असेल तर तोही बंद. स्पंज धुवायचा नाही, त्यातले बॅक्टेरिया आत्ता फार लागणार आहेत. जास्तीचा एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, लावायचा, हे टाळू नका, कारण २५ डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि ३० डिग्रीला ७.५, आणि ह्या माशाचे कल्ले आधीच परजीवीने पोखरलेले असतात. मग हीटर एकेक डिग्रीने वर न्यायचा, चारपाच तासांनी एक डिग्री, दीड-दोन दिवसांत ३० पर्यंत. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पाणी आपोआपच ३२-३३ ला असतं, तिथे हीटरचा प्रश्नच नाही, तिथे सगळं लक्ष हवेवर द्या. गोल्डफिश असेल तर मी २७-२८ च्या वर जात नाही, तो थंड पाण्याचा मासा आहे.

मग मीठ. किराणा दुकानातलं जाडं खडे मीठ, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते. सैंधव नको आणि एप्सम सॉल्ट तर नकोच, ते मीठच वेगळं आहे, ह्या कामाचं नाही. लिटरला २ ग्रॅम हे माझं नेहमीचं माप, म्हणजे आमच्या ४२ लिटरला ८४ ग्रॅम. ते एकदम ओतायचं नाही, २८-२८ ग्रॅमचे तीन भाग करायचे, प्रत्येक भाग मगभर टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून बारा तासांच्या अंतराने सोडायचा. मोली, प्लॅटी, गप्पी, गोल्डफिश ह्यांना ३ ग्रॅमसुद्धा चालतं. कोरी कॅटफिश, लोच, टेट्रा असतील तर १ ग्रॅमवर थांबा. झाडं असतील तर काही कोमेजतील, आवडती झाडं आधीच काढून वेगळ्या बादलीत ठेवा, बादलीत मासा नसला की त्यावरचे इक उपाशी मरतात, साध्या २७-२८ डिग्रीला दहा दिवस पुरे.

दर दोन दिवसांनी ग्रॅव्हल सायफन करून दहाएक लिटर पाणी काढायचं, खाली चिकटलेले त्यातच बरेच बाहेर जातात. नवीन पाणी त्याच तापमानाचं, आणि जेवढं काढलं तेवढ्याचंच मीठ परत टाकायचं, १० लिटर काढलं तर २० ग्रॅम. इथे एक चूक हमखास होते, उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून वरून भरताना लोक मीठ टाकतात. मीठ आटत नाही, ते टँकमध्येच असतं, आटलेलं पाणी भरताना साधंच भरायचं.

किती दिवस? शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यापासून पूर्ण सात दिवस. साधारण दोन आठवडे धरूनच चाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढल्यासारखे वाटतील, घाबरू नका, आधीच कातडीत शिरलेले आता मोठे होऊन दिसायला लागलेले असतात. पण ३० डिग्री आणि पूर्ण मीठ होऊन पाच दिवस झाले आणि तरी रोज नवीन ठिपके येतायत, किंवा मासा पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेतोय, तर वाट बघू नका, मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन असलेलं ॲक्वेरियमचं औषध सुरू करा. तेव्हा पाणी हळूहळू २७-२८ वर आणा, कारण फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं आणि गरम पाण्यात मासा गुदमरतो. डोस बाटलीवरचा, लोच-कॅटफिशसारखे बिनखवल्याचे मासे असतील तर अर्धा. लाइट बंद ठेवा, उजेडात मॅलाकाइट ग्रीन लवकर उतरतं. आणि हातमोजे घाला, हे मी कळकळीने सांगते, मॅलाकाइट ग्रीन माणसासाठी चांगलं नाही, खाण्याच्या माशांसाठी ते वापरायला म्हणूनच बंदी आहे. घरात बाळंतीण किंवा गरोदर बाई असेल तर तिला त्या बाटलीच्या जवळ जाऊ देऊ नका. फॉर्मेलिनच्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरायचीच नाही, तो साका माशांना मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतो.

आणि ते निळं, मिथिलीन ब्लू. ते वाईट औषध नाही, पण मेन टँकमध्ये टाकलं तर फिल्टरचे बॅक्टेरिया मारतं, काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं, आणि इक जोरात पसरलेला असेल तर ते फारसं चालत नाही. वेगळ्या टबात अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून किंवा जखमेसाठी वापरा. इथे लोकांचा एक प्रश्न येतो, की आजारी मासा तेवढा टबात काढून उपचार केले तर? इकमध्ये नाही चालत. ज्याच्यावर ठिपके दिसतायत तो एक, पण पिल्लं सगळ्या टँकभर आहेत. पूर्ण टँकलाच उपचार करायचे, नाहीतर सगळे मासे बाहेर काढून टँक रिकामा ठेवायचा.

व्हेल्व्हेट थोडक्यात सांगते. फायटर माशांवर आणि माशांच्या छोट्या पिल्लांवर जास्त येतो आणि इकपेक्षा भराभर मारतो, बऱ्याचदा ती सोनेरी पावडर नजरेस येईपर्यंत कल्ले खराब झालेले असतात. ह्या जीवात हिरवा रंग असतो, तो झाडासारखा उजेडावरही जगतो, म्हणून टँकचा लाइट बंद, वर जाड कापड, आठवडाभर अंधार. पाणी २८ डिग्री, मीठ वर सांगितलं तसं. ह्याचं खरं औषध कॉपर आहे, पण कॉपर मोजायचं किट हातात असेल तरच टाका, पाणी मऊ असेल तर तेच प्रमाण जास्त विषारी होतं, आणि टँकमध्ये कोळंबी-गोगलगाय असतील तर त्या नक्की मरतात.

आता अँकर वर्म. गोल्डफिश आणि कोईवर फार, विशेषतः बाहेरच्या हौदातून आलेल्या. नावात वर्म असलं तरी ही अळी नाही, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला जीव आहे, आणि बाहेर लोंबतो तो तिचा फक्त मागचा भाग. तोंडाकडचा भाग नांगरासारखा फुटलेला असतो आणि तो माशाच्या मांसात रुतलेला असतो. टोकाचे दोन फाटे म्हणजे अंड्यांच्या पिशव्या. ही मादी हाताने काढावी लागते, दुसरा मार्ग नाही, कारण जे औषध हिच्या पिल्लांवर चालतं ते कात टाकणाऱ्या जीवांवर चालतं आणि ही मोठी मादी कात टाकायची थांबलेली असते.

काढायची पद्धत नीट वाचा, एकटीने करू नका, दुसरं माणूस घ्या. एका टबात टँकचंच पाणी. एक मऊ सुती पंचा त्याच पाण्यात चिंब भिजवून ताटात पसरा. मासा जाळीने उचलून पंच्यावर ठेवा, डोळ्यांवर पंच्याचं टोक ओढा, डोळे झाकले की बहुतेक मासे शांत होतात. दुसऱ्या माणसाने ओल्या हाताने हलकं धरायचं, दाबायचं नाही. बारीक टोकाचा चिमटा घ्या आणि दोरा जिथे कातडीत शिरतो अगदी तिथे, मुळाशी पकडा. मधे पकडला तर तो तुटतो आणि नांगर आत राहून जखम चिघळते. मग शेपटीच्या दिशेने, खवले ज्या बाजूला झुकलेत त्या बाजूला, हळू आणि सलग ओढा, झटका नाही. सुटताना चिमट्याला एकदम ढिलं पडल्यासारखं जाणवतं आणि मुळाशी बारीक फांद्यांसारखं काहीतरी बाहेर आलेलं दिसतं, ते दिसलं की समजायचं पूर्ण निघाला. जागेवर रक्ताचा लाल ठिपका येतो. कापसाच्या काडीने पोव्हिडोन आयोडीनचा एक टिपका तिथेच लावा, कल्ल्यात किंवा डोळ्यात जाऊ न देता, दहा सेकंद थांबा, आणि मासा पाण्यात. पाण्याबाहेर एकूण अर्ध्या मिनिटाहून जास्त नको, तीनचार दोरे असतील तर मध्ये मध्ये पाण्यात सोडून दम घेऊ द्या. आमच्या ओरांडा जातीच्या गोल्डफिशच्या पाठीवर पाच होते, मी दोन दिवसांत काढले, एका बैठकीत नाही.

हे झालं डोळ्याला दिसणाऱ्यांचं. पाण्यात पिल्लं असतातच, त्यासाठी डायफ्लुबेन्झुरॉन असलेलं औषध मिळतं, ते कात टाकू देत नाही म्हणून पिल्लं मरतात. पाकिटावरच्या प्रमाणात, आणि पाकिटावर लिहिलेल्या दिवशी परत. कोळंबी असेल तर ती पण कातच टाकते, तिला आधी दुसरीकडे हलवा. महिनाभर रोज मासा नीट बघा, आधी न दिसलेले छोटे दोरे दोन आठवड्यांनी वर येतात.

उवा, म्हणजे अर्ग्युलस, त्या मानाने सोप्या दिसतात पण त्रास जास्त दिवस चालतो. पाचसात मिलिमीटरची, पारदर्शक, दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, चिमट्याने उचलली की निघते. आपल्याकडे रोहू-कटलाच्या तळ्यांतही ही मोठी डोकेदुखी आहे, शेततळ्यात मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा. अडचण अशी की ती मासा सोडून पोहत जाते आणि काचेवर, दगडावर, पाइपवर ओळीने अंडी चिकटवते, ती अंडी दोन ते चार आठवड्यांनी फुटतात. म्हणून काच आणि दगड खरवडून पुसा, डायफ्लुबेन्झुरॉन इथे मोठ्या उवांवरही चालतं कारण ऊ आयुष्यभर कात टाकत राहते. शेततळ्यावरचे लोक गोचिडाचं औषध टाकायला सांगतात, जनावरांना लावतात ते. गुंठ्यांनी मोजायच्या पाण्यात मिलिलिटरने मोजून टाकायची ती गोष्ट आहे, ४२ लिटरच्या टँकमध्ये एका थेंबाचा फरकही माशांना मारतो. घरात ते वापरू नका. लाल पावडर, पोटॅशियम परमँगनेट, त्याचंही तसंच, हात बसलेला नसेल तर कल्ले जळतात.

फ्लूक डोळ्याला दिसत नाहीत, मायक्रोस्कोप लागतो. कातडीवरचा सरळ पिल्लं देतो आणि कल्ल्यातला अंडी घालतो, हा फरक औषधाच्या दिवसांसाठी महत्त्वाचा आहे. औषध प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे आमच्या ४२ लिटरला १०५ मिलिग्रॅम. ते पाण्यात पटकन विरघळत नाही, छोट्या बाटलीत टँकचं पाणी घेऊन पावडर जोरजोरात हलवा, ओता, बाटली परत धुवून ओता. अंड्यांवर ते चालत नाही म्हणून सहासात दिवसांनी परत, आणि तिसऱ्यांदाही. गोळी घेणार असाल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि कुत्र्यांच्या जंताची मिश्र गोळी आणू नका, तिच्यात आणखी दोनतीन औषधं असतात. फिल्टर आणि झाडांना प्राझिक्वांटेल फार त्रास देत नाही, त्यामुळे ह्या सगळ्यातलं मला हेच औषध जास्त भरवशाचं वाटतं.

मायक्रोस्कोपशिवाय ओळखता न येणारे आणखी काही आहेत, ट्रायकोडिना, कॉस्टिया वगैरे, अंगावर राखाडी थर येतो. पाणी साफ आहे, प्राझिक्वांटेलने फरक नाही, तर मिठाची छोटी आंघोळ करून बघा. बादलीत १० लिटर टँकचं पाणी, त्यात १०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून, एअर स्टोन लावून, मासा जास्तीत जास्त दहा मिनिटं. तिथून हलायचं नाही, फोन घ्यायला पण नाही. मासा आडवा झाला की त्याच क्षणी बाहेर, दोनच मिनिटं झाली असली तरी. गोल्डफिश आणि मोली हे सोसतात, लोच आणि टेट्राला ही आंघोळ देऊ नका.

दोन औषधं एकत्र टाकू नका. इकच्या उपचारात मीठ आणि बाटली चालते, बाकी एक कोर्स संपल्यावर निम्मं पाणी बदलून, कार्बन दोन दिवस चालवून, मगच दुसरं. कडुलिंबाचा पाला आणि हळद टाकायचा सल्ला खूप मिळतो, मी पाला टाकून पाहिलाय, पाणी दुसऱ्या दिवशी फेसाळलं आणि वास मारायला लागलं, घरात त्याचं माप बसवता येत नाही. उपचार चालू असताना खाणं निम्मं करा, दिवसाआड अमोनिया बघा. लाइट जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा, गरम पाण्याचा औषध घातलेला टँक दोन तास हवेशिवाय राहिला तर परजीवीआधी तेच मासे मारेल.

आणि हे सगळं येतं कुठून? नवीन माशातून. क्रॉफर्ड मार्केटला किंवा आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात दिसणारा मासा बरेचदा चेन्नईच्या कोलाथूरहून किंवा कोलकात्याहून पिशवीत बसून आलेला असतो, प्रवासात दमलेला, थंड झालेला. दुकानात घेताना त्याच टाकीतले बाकीचे मासे बघा, एक जरी घासत असेल तर त्या टाकीतलं काही घेऊ नका, कितीही आवडलं तरी. ओढ्यातून तलावातून आणलेली झाडं, गटारातले ट्युबिफेक्स, म्हणजे खाद्य म्हणून देतात ते लाल किडे, ह्यातूनही येतं, मी जिवंत खाद्य बंदच केलंय.

क्वारंटाइनला काचेचा टँक लागत नाही, वीसएक लिटरचा प्लॅस्टिकचा टब, स्पंज फिल्टर आणि छोटा हीटर बास. तो स्पंज एरवी मेन टँकमध्येच ठेवा म्हणजे त्यात बॅक्टेरिया तयार असतात. पिशवीतलं पाणी टबात ओतायचं नाही, मासा जाळीने उचलून घ्यायचा. चार आठवडे. टबाची जाळी, सायफन आणि पाण्याचा मग वेगळे, माझ्या टबाच्या जाळीला मी लाल दोरा बांधलाय म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून ती मेन टँकमध्ये घालत नाही. आधी मेन टँकचं काम करायचं, मग टबाचं, उलट नाही, आणि मध्ये हात धुवून पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल्या हातावरूनही परजीवीची पिल्लं जातात. जाळ्या वापरून झाल्या की गच्चीवर कडक उन्हात दिवसभर. दर रविवारी रात्री लाइट बंद करून टॉर्च मारायचा, शेपटी, पाठीचा पंख, कल्ल्यांच्या कडा, आणि चौथ्या रविवारी काही दिसलं नाही तर सोमवारी सकाळी मासा मेन टँकमध्ये. काही दिसलं तर त्याच टबात उपचार, आणि चार आठवडे तिथून परत मोजायचे.

उपचार संपल्यावर उतरायचंही हळूच आहे. रोज एक डिग्री खाली, मीठ वेगळं काढायला काही करावं लागत नाही, दर चार दिवसांनी पाव पाणी बदलत गेलात की महिन्याभरात बहुतेक निघून जातं, आणि शेवटच्या डोसनंतर कार्बन परत फिल्टरमध्ये. माझ्या वाचलेल्या दोन मोलींपैकी एकीने त्यानंतर पाच आठवड्यांनी पिल्लं दिली, अठरा मोजली होती मी.